आईंचे कान आणि गाडीतला मुका स्पीकर

आमच्या सासूबाईंना ऐकू येत नाही, हे आम्ही घरातल्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी नव्हे हं, आम्हीच! आणि ठरवलं ते कशावरून? तर गाडीतल्या गाण्यांवरून.

आमची गाडी बावीस वर्षांची. लहानशी, चार दारांची. "विकून टाका हो आता," असं येणारा-जाणारा सांगतो. पण इंजीन ठणठणीत आहे आणि अमरावतीतल्या अमरावतीत फिरायला तेवढी पुरते. गाडी चालवणार हे. मागे मी आणि आमचा धाकटा. पुढची डावीकडची जागा सासूबाईंची. मागे बसलं की त्यांना गाडी लागते, म्हणून तो मान कायमचा त्यांचा. उजव्या कानानं त्यांना पूर्वीपासूनच कमी ऐकू येतं. पण डावा कान असा, की स्वयंपाकघरात दूध उतू चाललं तर ओसरीवरून हाक मारतील.

गाडीत त्यांना लागतात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं. महाराज १९६८ साली गेले. त्याआधी, परकर-पोलक्याच्या वयात, वडिलांबरोबर गुरुकुंज मोझरीला जाऊन सासूबाईंनी त्यांना खंजिरी वाजवताना प्रत्यक्ष पाहिलेलं. ती खंजिरी ऐकू आली की त्यांचा हात आपोआप मांडीवर ताल धरतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हा हात थांबला. "मले काई आयकू येऊन नाही राह्यलं," त्या म्हणायला लागल्या. ह्यांनी आवाज वाढवला. धाकट्यानं कानात बोटं घातली. मी मागून म्हटलं, "आई, अहो इथं तर कानठळ्या बसताहेत!" दोन-चार वेळा असं झालं. मग "वय झालं, आता यंत्र घ्यावं लागेल," अशी चर्चा आम्ही त्यांच्यासमोरच, त्यांच्या डोक्यावरून सुरू केली. बहिरं ठरवलेल्या माणसासमोर आपण काहीही बोलतो, नाही का? त्यानंतर सासूबाईंनी तक्रार करणंच सोडलं. खिडकीबाहेर बघत बसायच्या. घरातही बोलणं कमी झालं. विचारलं तर म्हणायच्या, "मले कुठं आयकू येते!"

चिखलदऱ्याला काय झालं

दर श्रावणात आम्ही एक दिवस चिखलदऱ्याला जातो. सासरे वनखात्यात होते. लग्नानंतरची त्यांची पहिली चार वर्षं तिथं गेली. आता ते नाहीत. पण तिथल्या धुक्यात एकदा उभं राहून आलं की सासूबाईंना वर्ष बरं जातं.

विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हटलं की चिखलदराच. उंची सुमारे १,१०० मीटर. भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं ती ही दरी, म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा झालं, असं सांगतात. परतवाडा सोडलं, धामणगाव गढी मागे पडली, की घाट सुरू होतो. खाली वऱ्हाडचं ऊन असेल तरी वर पाऊस आणि ढग. काचा लावाव्यात तर आतून वाफ धरते, उघडाव्यात तर भिजायला होतं.

मुक्कामाच्या जागी पोचलो. पाऊस झिमझिमत होता. ह्यांनी इंजीन बंद केलं, पण टेप चालू राहिला. सासूबाईंनी उतरायला दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तशाच थांबल्या.

"वाजलं व माय!"

त्यांनी पाय आत घेतला, दार ओढलं. ऐकलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. असं तीनदा. मग मागे वळून आमच्याकडे पाहिलं नि म्हणाल्या, "दार उघडलं का वाजते, लावलं का बंद. आता माहे कान काय दाराले लावले हायेत?"

बायांनो, खरं सांगते, आम्हा तिघांना मान वर करवेना.

हे पुढे येऊन डाव्या दाराशी वाकले. खरोखरच दार लावलं की त्या दारातला स्पीकर ठार मुका! गाडीत चार स्पीकर. उजवा वाजत होता, तो ह्यांच्याजवळ. मागचे दोन वाजत होते, ते माझ्या नि धाकट्याच्या डोक्यामागे. म्हणून आम्हा सगळ्यांना गाणं ऐकू येत होतं. बंद होता तो नेमका सासूबाईंच्या चांगल्या कानाजवळचा. आमचा आवाज वाढवणं म्हणजे आमच्याच कानांशी वाढवणं!

स्पीकर म्हणजे असतो तरी काय?

त्या रात्री पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली. माझा भाऊ रेडिओ-दुरुस्ती शिकलेला. त्याला फोन लावला. त्यानं जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण "स्पीकर उडाला, नवा टाका" हे वाक्य आपल्याला कधी ना कधी ऐकावंच लागतं.

स्पीकरमध्ये एक कागदी किंवा प्लॅस्टिकचा नरसाळ्यासारखा पडदा असतो. त्याच्या टोकाला केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक. टेपमधून वीज आली की वेटोळं पुढे-मागे हलतं, पडदा हलतो, हवा हलते, आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. ही रचना अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडली. पुढे १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं मोटारीत बसवायचा रेडिओ 'मोटोरोला' या नावानं बाजारात आणला. इतकी वर्षं झाली तरी साध्या स्पीकरचं पोट आतून तेच आहे.

म्हणजे गाण्याचा रस्ता असा: टेप, तिथून वायर, वायरचा सांधा, मग स्पीकर. आवाज बंद झाला तर या चारांपैकी कुठंतरी रस्ता तुटला आहे. चौघांत गुन्हेगार कोण ते शोधायचं. पहिल्याच भेटीत स्पीकरला फाशी द्यायची नाही!

घरच्या घरी तपासणी

पहिली पायरी – स्टेशन की स्पीकर? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज खरखरतो, जातो, वळण संपलं की परत येतो. घाटात हे होणारच. चारही स्पीकर एकदम खरखरत असतील तर दोष स्टेशनचा. पेन ड्राइव्ह किंवा सीडी लावून पाहा. तरीही एकच स्पीकर गप्प असेल तर पुढे चला.

दुसरी पायरी – बटणं. टेपवर 'बॅलन्स' असतो, तो आवाज डावीकडे-उजवीकडे नेतो. 'फेडर' असतो, तो पुढे-मागे नेतो. मुलांनी चाळा केला आणि बॅलन्स पूर्ण उजवीकडे गेला, की डावी बाजू मेली असं वाटतं. आधी दोन्ही मध्यावर आणा. मग उलट करून, सगळा आवाज फक्त संशयिताकडे पाठवा. गाडी थांबवून, पंखा बंद करून, जाळीला कान आणि तळहात लावा. अगदी काहीच नाही, तर रस्ता तुटला आहे. फाटका, घासल्यासारखा आवाज येतो, तर पडदा फाटला आहे किंवा वेटोळं घासतंय. तिथं मात्र स्पीकरच दोषी.

चारही स्पीकर एकदम गप्प झाले असतील तर फ्यूज पाहा. पण फ्यूज जितक्या अँपिअरचा असेल तितक्याचाच टाका. तार गुंडाळून किंवा मोठा फ्यूज टाकून काम चालवणं म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी.

तिसरी पायरी – दार उघडून-लावून पाहणे. ही आमच्या सासूबाईंची पायरी! दाराच्या बिजागरीशी, गाडी आणि दार यांच्यामध्ये, एक रबरी नळी दिसेल, सुरकुत्या-सुरकुत्यांची. सगळ्या वायरी तिच्यातून दारात जातात. दिवसातून दहा वेळा दार उघडलं, वीस वर्षं उघडलं, तर आतली वायर किती वेळा दुमडली याचा हिशेब करा. बांगडीची तार वाकवून-वाकवून तोडावी तशी ती तुटते. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत आणि आत तांबं तुटलेलं. दार एका जागी असलं की टोकं चिकटतात, दुसऱ्या जागी सुटतात. गाणं चालू ठेवून ती नळी हलक्या हातानं दाबून-हलवून पाहा. आवाज आला-गेला, तर चोर सापडला. सगळ्यात जास्त वापराचं दार आधी दगा देतं.

चौथी पायरी – पेन्सिल सेलची परीक्षा. त्यासाठी दाराचं आतलं आवरण काढावं लागतं. हाताच्या टेकणीखाली आणि मुठीपाशी स्क्रू असतात, कडेनं प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. ओढाताण केली तर खुंट्या मोडतात. सवय नसेल तर हे कारागिराकडून करून घ्या, पण समोर उभं राहून. टेप आणि चावी बंद. स्पीकरची वायर काढून ठेवा. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल आणि दोन तारांचे तुकडे घ्या. तारा स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभरच टेकवा. 'कट्ट' असा आवाज आला आणि पडदा किंचित हलला, तर स्पीकर जिवंत आहे! काहीच झालं नाही, तर वेटोळं तुटलं असावं. गाडीची बारा व्होल्टची बॅटरी कधीही थेट लावू नका. तिनं चांगलं वेटोळंसुद्धा जळून जाईल.

घरात मल्टीमीटर असेल तर आणखी सोपं. गाडीचे स्पीकर बहुधा चार ओहमचे असतात. मीटरवर साधारण तीन ते चार दिसलं तर वेटोळं शाबूत. काटा किंवा आकडा हललाच नाही तर तुटलेलं.

पाचवी पायरी – अदलाबदल. ही कारागिराची. टेपच्या मागे डाव्या स्पीकरची जोडी उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावायची. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष टेपचा. जिथल्या तिथं राहिला तर दोष वायरचा किंवा स्पीकरचा. बाहेरून बसवलेल्या टेपला बहुधा पांढरी जोडी पुढच्या डाव्याची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. काळी रेघ असलेली वायर त्या जोडीतली उणे. गाडीबरोबर आलेल्या टेपचे रंग वेगळे असू शकतात.

आणि एक इशारा: पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर हात लावू नका. एअरबॅगच्या वायरी तशा असतात.

पावसाचा हात

आपल्याकडे चैत्र-वैशाखात दाराला हात लावला तर चटका बसतो, आणि श्रावणात मेळघाटात गेलं तर तेच दार आतून पाझरतं. दोन्ही स्पीकरला वाईट. कागदी पडदा ओलाव्यानं फुगतो, मऊ पडतो. टोकांवर हिरवट गंज चढतो.

दारात पाणी शिरतं कसं? काचेच्या कडेनं शिरतंच. ते दाराच्या पोटातून खाली उतरावं आणि तळाच्या भोकांतून निघून जावं, अशी सोय केलेली असते. ती भोकं पालापाचोळ्यानं, चिखलानं बुजली की दाराचं तळं होतं. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला तर हेच समजा. पावसाळ्याआधी उदबत्तीच्या काडीनं ती भोकं मोकळी करा. पाच मिनिटांचं काम.

दुसरं म्हणजे दाराच्या आवरणाआड एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पाण्याला आत येऊ न देणारा पडदाच तो. काच वर-खाली करायचं यंत्र दुरुस्त करताना कारागीर तो फाडून काढतात आणि "त्याची गरज नसते" म्हणून फेकून देतात. आमच्या दाराचा तसाच कुणीतरी फेकला होता. गरज असते, बायांनो! जाड प्लॅस्टिकचा तुकडा मापानं कापून नीट चिकटवून घ्या.

दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी परतताना परतवाड्याला गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका मुलाकडे थांबलो. त्यानं नळी मागे सारली. आत दोन वायरी. एक साफ तुटलेली, दुसरी तुटायच्या बेतात. सेल लावून पाहिला. 'कट्ट!'

"काकू, स्पीकर नाही मेला जी. वायर मेली," तो म्हणाला.

मी भावाकडून शिकलेलं सांगितलं, "नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नकोस हं बाबा." तो हसला. काम मात्र छान केलं. वाकणाऱ्या भागातली वायर पूर्ण बदलली. सांधे नळीच्या दोन्ही बाजूंना, जिथं वायर वाकत नाही तिथं घेतले. डाग दिला, वर नळीचं वेष्टन चढवलं. वायर थोडी सैल ठेवली, म्हणजे दार उघडताना ताण नको. अधिक-उणे पाहून जोडलं. ते उलटं झालं तर आवाज येतो, पण खालचा भरदार सूर विरतो आणि गाणं पोकळ वाटतं.

सगळ्याला तासभर लागला. मजुरी झाली ती नव्या स्पीकरच्या किमतीच्या मानानं किरकोळच. आणि विचार करा, आम्ही नवा स्पीकर आणून त्याच तुटक्या वायरीला जोडला असता तर? तोही मुकाच राहिला असता. मग दुकानदाराशी भांडण!

स्पीकर खरोखरच गेला असेल तर जुना काढून सोबत न्या. व्यास, खोली, स्क्रूची भोकं जुळली पाहिजेत. ओहमचा आकडा तोच हवा. कमी ओहमचा घेतला तर टेप तापतो.

लक्षात ठेवा

• आधी बॅलन्स-फेडर, मग दार, मग वायर, आणि शेवटी स्पीकर.
• दार उघडल्यावर वाजतो, लावल्यावर थांबतो: बिजागरीजवळची वायर.
• थोपटल्यावर किंवा खड्ड्यात वाजतो: सैल सांधा किंवा गंज.
• फाटका आवाज: पडदा किंवा वेटोळं.
• सेल दीड व्होल्टचा, तोही क्षणभरच.
• काढलेला जुना स्पीकर कारागिराकडून मागून घ्या. घरी सेल लावून पाहा. 'कट्ट' वाजला तर पुढच्या वेळी कारागीर बदला.

आणि कान?

कान तपासून घेतलेच. घरातलं कुणीही "ऐकू येत नाही" म्हणालं तर ते डॉक्टरांनी ठरवावं, आपण नव्हे. विशेषतः एकाएकी कमी ऐकू आलं तर एक दिवसही थांबू नये. सासूबाईंचा उजवा कान कमी आहे, तो आम्हाला ठाऊक होताच. डावा वयाच्या मानानं उत्तम निघाला. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "मग आजी, घरात का बोलत नव्हता?" तर म्हणाल्या, "हे सारे म्हणत होते, तुले आयकू येत नाही. मंग म्या काय बोलू?"

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. सहा महिने त्या बाईनं खरं तेच सांगितलं होतं. तिच्या बाजूला आवाज येत नव्हता. आम्ही आमच्या जागेवर बसून तिला खोटं ठरवलं. एकदा जरी मी पुढच्या डाव्या जागेवर जाऊन बसले असते, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली आहे. घरात कुणी "पंखा आवाज करतो", "भाजीला वास येतो", "इथं ओल लागते" म्हणालं, की त्याच्या जागेवर जाऊन बसते आणि मग बोलते.

परतवाड्याहून निघालो तेव्हा ह्यांनी मुद्दाम भजन लावलं, आवाज नेहमीसारखा चढवलेला. डाव्या दारातून खंजिरी अशी कडाडली की धाकटा दचकला. सासूबाईंचा हात मांडीवर ताल धरू लागला. दोन मिनिटं झाली असतील. मग त्यांनी ह्यांच्याकडे मान वळवली.

"थोडा हळू कर रे बाप्पा. माहे कान फाटले!"